जुन्या गोधड्यांची पूर्तता व जतन : रत्नागिरी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
कोकणातील घरोघरी आढळणारी गोधडी ही केवळ पांघरण्याची वस्तू नसून ती कुटुंबाच्या वस्त्रजीवनाची नोंद असते. नऊवारी लुगडी, धोतरे व मुलांचे अंगरखे जीर्ण झाल्यावर त्यांचे थर एकमेकांवर ठेवून धावदोऱ्याने शिवले जात. पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांचा चरितार्थ मुंबईच्या कापडगिरण्यांतील चाकरमान्यांवर चालत असे. 1982 च्या संपानंतर हा गिरणीव्यवसाय झपाट्याने ओसरला. त्या काळातील गिरणीचे कापड अनेक गोधड्यांच्या पोटात आजही असू शकते. अशा गोधड्यांची पूर्तता व दुरुस्ती कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अपूर्ण गोधडीची पूर्तता :
गोधडी बहुधा काठाकडून मध्याकडे शिवली जाते. त्यामुळे अर्धवट राहिलेल्या गोधडीत मधला भाग सुटा आढळतो. तो पूर्ण करताना जुने टाके उसवू नयेत. टाक्याची लांबी, दिशा व ओळींमधील अंतर ही शिवणाऱ्या स्त्रीची हस्तखूण होय. नवा दोरा सुतीच असावा, कारण नायलॉन वा पॉलिएस्टरचा चिवट दोरा विरलेले कापड कापतो. नवे टाके किंचित वेगळ्या छटेच्या दोऱ्याने घातल्यास जुने व नवे काम पुढील पिढीस ओळखता येते.

जीर्ण गोधडीचे जतन :
रत्नागिरीत वर्षाला सरासरी 3000 मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. सुती धाग्यातील सेल्युलोज हे बुरशीचे खाद्य असल्याने येथे दमटपणा हाच गोधडीचा मुख्य शत्रू ठरतो. डांबरगोळ्यांनी बुरशीला आळा बसत नाही. धुण्यापूर्वी ओल्या पांढऱ्या कापसाने प्रत्येक रंग तपासावा. रंग उतरत असल्यास गोधडी धुऊ नये. धुणे आवश्यकच असल्यास ते पावसाळा सरल्यावर, सौम्य साबणाने करावे. ओली गोधडी दोरीवर टांगल्यास स्वतःच्या भारानेच तिचे टाके तुटतात. म्हणून ती बाजेवर पसरून सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो. त्याऐवजी धुतलेल्या मलमलीत गुंडाळावी व अधूनमधून घडी बदलावी.

फाटलेल्या जागी ठिगळ लावणे हा दोष नव्हे. जुन्या गोधडीवर नवे लुगडे चढवून ती पुन्हा शिवणे ही मूळचीच रीत आहे. संग्रहालयीन शास्त्र मात्र किमान हस्तक्षेपाचा आग्रह धरते. या दोहोंचा मेळ घालता येतो. नवा थर जुन्या थरावर विरळ टाक्यांनी जोडावा, म्हणजे गरज पडल्यास तो इजा न होता काढता येईल. आतील थर कितीही विरलेला असला तरी तो काढून टाकणे हे सर्वांत मोठे नुकसान होय.

निष्कर्ष :
गोधडी नवीकोरी दिसावी हा दुरुस्तीचा हेतू नसावा. तिचे थर व टाके टिकले तरच कुटुंबाचा व प्रदेशाचा हा अलिखित पुरावा शाबूत राहील. वृद्ध स्त्रिया हयात असतानाच कोणते कापड कोणाचे, याची लेखी नोंद गोधडीसोबत ठेवणे हे या जतनाचे पहिले पाऊल होय. महाविद्यालयांच्या इतिहास व गृहविज्ञान विभागांनी अशा नोंदींचे काम हाती घेणे उचित ठरेल.