संपलेला डाव पुन्हा का मांडतात?

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते कुटायची चाल जुनी. नंदुरबार-शहाद्याकडच्या गावांत पोरीबाळी झोक्यावर आणि गौराईच्या गाण्यांत रमलेल्या असतात, तेव्हा पुरुषमंडळी ओट्यावर, पारावर गोल करून बसतात आणि जेवायला उठायचं विसरतात. त्यातला पैशाचा भाग सोडून देऊ. पण तेच बावन्न पत्ते, तेच भिडू, बसायची जागाही गेल्या साली होती तीच. तरी ‘हे तर खेळून झालंय’ असं कुणी म्हणत नाही. दुसरीकडे शेकडो माणसांनी कित्येक वर्षं राबून घडवलेला एखादा व्हिडिओ गेम, त्यातली गोष्ट संपली की, अनेक जण पुन्हा उघडतही नाहीत. मग काही खेळ असे का, की शंभरदा खेळूनही हात तिकडेच जातो?

पत्त्यांपुरतं उत्तर गणितात आहे. बावन्न पत्ते किती वेगवेगळ्या क्रमांनी लागू शकतात, ती संख्या ६८ आकडी आहे. नीट पिसलेला कॅट याआधी जगात कुणाच्या हातात त्याच क्रमानं आला असेल, ही शक्यता नसल्यात जमा. संगणकाच्या खेळात हीच युक्ती आणणारा गाजलेला खेळ म्हणजे १९८० चा ‘रोग’. त्याआधीचे साहसखेळ एकदा सुटले की संपत, आणि ज्यांनी ते लिहिले त्यांना तर स्वतःच्याच खेळात काही गंमत उरत नसे. मायकेल टॉय, ग्लेन विचमन आणि केन अर्नोल्ड या कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांनी मग भुयाराचा नकाशा संगणकालाच दर वेळी नव्यानं आखायला लावला. मेलात की नवं भुयार. आज पोरं ‘माइनक्राफ्ट’मध्ये दर वेळी नवे डोंगर आणि नव्या गुहा शोधतात, ती वाट इथूनच पुढे गेलेली.

पण नुसतं पिसून भागत नाही. सापशिडीही दर वेळी वेगळी होते आणि आठव्या-नवव्या वर्षानंतर तिचा कंटाळा येतो, कारण तिथे खेळणाऱ्याला ठरवायचं काहीच नसतं. फासा सांगेल तिथे जायचं, एवढंच. बुद्धिबळाची तऱ्हा याच्या उलट. तिथे नशीब औषधालाही नाही. पण पांढऱ्याच्या पहिल्या खेळीला २० पर्याय, काळ्याला २०, म्हणजे दोघांनी एकेकदा हात लावला की ४०० वेगळे पट तयार. नवेपणा तिथे माणसाच्या ठरवण्यातून येतो.

या दोन टोकांच्या मध्ये लुडो बसतो, आणि म्हणून तो आपल्याकडे एवढा चालतो. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीच्या जनरल डब्यात बघा. कामाला सुरतेकडे निघालेली चार माणसं एका मोबाईलभोवती डोकी जुळवून बसलेली असतात. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. राज्य बदलतं, रेंज जाते, डाव चालू राहतो. कारण एकाच फोनवर आळीपाळीनं खेळायला नेट लागत नाही. ‘लुडो किंग’ हा २०१६ चा खेळ महाराष्ट्रातलाच, विकास जयस्वाल यांच्या नवी मुंबईतल्या गेमिशन कंपनीचा. २०२० च्या टाळेबंदीत तो घराघरांत शिरला, हे वेगळं सांगायला नको.

‘भाऊ, हा मोबाईल मुद्दाम मला सहा देत नाही’ ही तक्रारही त्या डब्यात ठरलेली. हिशेब करून बघितला. दहा वेळा फासा टाकून एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के. चार भिडू असतील तर त्यांतला निदान एक जण दहा फेऱ्या घरातच अडकून बसेल, असं जवळजवळ दर दुसऱ्या डावात होणार. म्हणजे मोबाईल प्रामाणिक असला तरी शिव्या खाणारच! पण याच लहरीमुळे काल पहिल्यांदा खेळायला बसलेला पोरगा आज मुरलेल्या काकाला हरवतो आणि काका म्हणतो, लाव परत. चारांतली कोणती सोंगटी पुढे काढायची, कुणाची मारायची, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका पैशाच्या लुडो ॲपवरून याचिका झाली, तेव्हा हाच वाद होता: लुडो नशिबाचा की कौशल्याचा? कायद्याला एक काहीतरी ठरवावं लागतं. खेळाची गोडी ते ठरत नाही, यात आहे.

आता नव्वदच्या दशकातल्या पोरांचा ‘काँट्रा’ घ्या. टीव्हीला जोडायचा डबा, पिवळी नाहीतर काळी कॅसेट, तिच्यावर हजारो खेळांची थाप आणि आत तेच दहा-बारा फिरवून फिरवून भरलेले. ‘काँट्रा’त जवळजवळ काहीही पिसलेलं नाही. तोच शिपाई त्याच झाडामागून येतो, एक गोळी लागली की लाइफ गेलं. कुठवर पोचलो ते जपून ठेवायची सोयही नाही. लाइफ आणि ‘कंटिन्यू’ दोन्ही संपले की पहिल्या स्टेजपासून सुरू. माझ्या मते पुन्हा खेळण्याचा हा सगळ्यात अस्सल प्रकार. खेळ तसूभर बदलत नाही, हात बदलतात. काल जिथे मेलो तिथे आज उडी आपोआप पडते, आणि ती पडली हे शेजारी बसलेल्या दुसऱ्या भिडूनंही बघितलेलं असतं. तीस लाइफचा कोड पाठ असलेला पोरगा गल्लीत मान मिळवायचा खरा. पण तीनच लाइफमध्ये शेवट गाठणारा त्याच्याहून वरचा.

हे किती लांब जाऊ शकतं, ते ठोकळे रचायच्या ‘टेट्रिस’नं दाखवलं. ॲलेक्सी पाजित्नोव्हनं तो मॉस्कोत १९८४ मध्ये रचला. आकार फक्त सात. निन्टेंडोच्या १९८९ च्या आवृत्तीत २९ व्या पातळीपासून ठोकळे इतके वेगानं पडतात की माणसाचा खेळ तिथेच संपला, असं लोक वर्षानुवर्षं धरून चालले होते. मग बटण दाबायच्या नव्या तऱ्हा निघाल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या मुलानं १५७ व्या पातळीपर्यंत जाऊन तो खेळच गोठवला. चौतीस वर्षांत खेळात एक ठोकळा वाढला नव्हता.

हल्लीच्या पोरांचं म्हणाल तर ‘बीजीएमआय’, आणि २०२२ च्या बंदीपर्यंत ‘फ्री फायर’. सप्टेंबर २०२० मध्ये ‘पब्जी मोबाईल’वर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तोच खेळ ‘बीजीएमआय’ नावानं परतला. ‘फ्री फायर’ स्वस्तातल्या फोनवरही चालायचा, म्हणून खेड्यापाड्यांत त्याचं राज्य होतं. ‘बीजीएमआय’मधला ‘एरँगल’ हा आठ किलोमीटर चौरस नकाशा पोरांना आपल्या शिवारासारखा पाठ असतो. तरी डाव शिळा होत नाही, कारण झोन, म्हणजे आकसत जाणारी सुरक्षित जागा, कुठे लागेल ते माहीत नसतं आणि डावात शंभर जणांची डोकी असतात. इथे खेळ ताजा ठेवायचं काम कंपनीपेक्षा माणसंच जास्त करतात, आणि तेही फुकट.

मात्र खेळाकडे परत जाणं आणि परत ओढलं जाणं, यांत फरक करायला हवा. रोज ॲप उघडलं की नाणी, सात दिवस चुकवले नाहीत तर पेटी, आज आला नाहीत तर मालिका तुटली. यातल्या किती गोष्टींचा डावाशी संबंध असतो? ही हजेरी आहे, आणि पगार म्हणून खोटी नाणी. खरे पैसे लावायला लावणारी ॲप्स तर याच्याही पुढे गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि त्यात नशीब की कौशल्य हा भेदच ठेवला नाही. खोट्या नाण्यांचा, रोजच्या हजेरीचा बाजार मात्र सुरूच आहे.

घरातलं पोरगं कोणत्या जातीचा खेळ खेळतंय, हे आईबापांना ओळखता येतं. हरल्यावर त्याला एवढंच विचारा, ‘कसा हरलास रे?’ ‘नाणी संपली’, ‘जाहिरात बघितली की परत मिळेल’ असं उत्तर आलं तर ते ॲप काढून टाकायला हरकत नाही. पण ‘झोन नदीपलीकडे लागला, गाडी मिळाली नाही, पुलावर दुसरी टीम दबा धरून बसली होती, मी पोहत जायला पाहिजे होतं’ असं सुरू झालं, तर त्याचा पुढचा डाव डोक्यात चालू झालाय असं समजा. त्याला जेवायला हाक मारायची ती तो डाव लावायच्या आधीच मारा. खेळातल्या विमानातून एकदा उडी मारली की पुढचा अर्धा तास तो काही ताटावर येत नाही.