युरोपचे सासरे
डेन्मार्कचा राजा ख्रिश्चन नववा याला 'युरोपचे सासरे' म्हणत. 1863 हे साल या घराण्यात फारच घडामोडींचं होतं. मार्चमध्ये थोरली लेक अलेक्झांड्रा ब्रिटनच्या युवराजाला दिली. जूनमध्ये ख्रिश्चनचा सतरा वर्षांचा मुलगा विल्हेल्म याने ग्रीसचं सिंहासन स्वीकारलं आणि तो जॉर्ज पहिला झाला. बाप गादीवर बसला तो नोव्हेंबरात, म्हणजे मुलगा राजा झाल्यानंतर! त्याआधी हे कुटुंब कोपनहेगनच्या 'पिवळ्या महालात' बेताच्या मिळकतीत राहायचं. मुली स्वतःचे कपडे स्वतः शिवत.

पण सोयरीक मोठी म्हणून देश वाचला नाही. 1864 मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रियाने श्लेस्विग, होल्स्टाइन, लाउएनबुर्ग हिसकावले. राज्याचा सुमारे दोन पंचमांश भाग गेला. जावयाचा देश मदतीला आला नाही. अलेक्झांड्राने प्रशियाला आयुष्यभर माफ केलं नाही, आणि मला तिचं हे अगदी पटतं.

अलेक्झांड्राची धाकटी बहीण डागमार रशियाच्या युवराजाची वाग्दत्त वधू होती. 1865 मध्ये तो नीस इथे वारला. पुढच्या वर्षी तिने त्याच्याच भावाशी लग्न केलं, तोच पुढे झार अलेक्झांडर तिसरा झाला. रशियन क्रांतीत तिचे हयात असलेले दोन्ही मुलगे, निकोलस आणि मिखाईल, मारले गेले. 1919 मध्ये ब्रिटिश युद्धनौकेतून ती निसटली, तीही बहीण अलेक्झांड्राच्या आग्रहामुळे. शेवटची वर्षं तिने डेन्मार्कमध्येच काढली.

1864 मध्ये गेलेल्या प्रदेशापैकी उत्तर श्लेस्विग मात्र 1920 मध्ये सार्वमताने परत मिळालं. ख्रिश्चन नवव्याचा नातू, ख्रिश्चन दहावा, पांढऱ्या घोड्यावरून जुनी सीमा ओलांडून त्या भूमीत गेला.