भाड्याचं घर आणि रेडॉन

कुंभार पिंपळगावात खोली भाड्यानं घेताना बदलून आलेला शिक्षक पाणी, वीज आणि अनामत विचारतो. रेडॉनचं कुणी विचारत नाही, आणि त्यात फारसं चुकतंही नाही. जमिनीतल्या युरेनियमच्या विघटनातून तयार होणारा हा किरणोत्सारी वायू रंगहीन, गंधहीन असतो. धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचं ते एक मोठं कारण आहे. पण गावाच्या घनसावंगी तालुक्याखाली काळा बेसाल्ट आहे, आणि ग्रॅनाइटच्या मानानं त्यात युरेनियम कमी असतं. धोका वाढतो तो खिडकी नसलेल्या, फरशीला भेगा पडलेल्या कोंदट खोलीत.

अमेरिकेच्या मेन राज्यात घरमालकानं चाचणी करून निकाल भाडेकरूला द्यायचा असतो. आपल्याकडे भाड्याच्या घरासाठी तसा नियम नाही. मात्र मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चं कलम 108 सांगतं, की मालकाला ठाऊक असलेला, भाडेकरूला नेहमीच्या काळजीनं न दिसणारा महत्त्वाचा दोष मालकानं उघड करावा. गोम ‘ठाऊक असलेला’ या अटीत आहे. चाचणीच केली नाही, तर ठाऊक कुठून असणार!

चाचणीसाठी फिल्म बसवलेली छोटी डबी साधारण तीन महिने खोलीत टांगतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं अशी डबी विकसित केली आहे. जागतिक आरोग्य संघटना घनमीटरमागे 100 बेकरेल ही संदर्भपातळी सुचवते. आकडा जास्त आला तर भेगा बुजवाव्यात, समोरासमोर खिडक्या काढाव्यात. तो खर्च कुणाचा, हे भाडेकरारात आधीच लिहून घ्यावं.