विश्लेषण : जगबुडीची तारीख सांगणारे आधी ‘चर्च सोडा’ असे का सांगतात?

सप्टेंबर २०२५ मध्ये जगभरातील ख्रिस्ती समाजमाध्यमांवर एकच तारीख फिरत होती : २३-२४ सप्टेंबर. दक्षिण आफ्रिकेतील एका व्यक्तीने आपल्याला येशूचा दृष्टांत झाल्याचा दावा केला होता. या दोन दिवसांत श्रद्धावंतांना सदेह स्वर्गात उचलून घेतले जाईल, असे त्याचे म्हणणे होते. इंग्रजीत या कल्पनेला ‘रॅप्चर’ म्हणतात. टिकटॉकवर त्याच्या व्हिडीओंचा पूर आला. पुढे दोन्ही दिवस नेहमीसारखे उजाडले आणि मावळले.

अशी तारीख टळली की चर्चा विनोदांवर संपते. मात्र तारखेबरोबर अनेकदा आणखी एक दावा येतो. ‘चर्च बिघडले आहे, तिथे आता सत्य उरलेले नाही,’ हा तो दावा. हे दोन दावे एकमेकांना कसे टेकू देतात, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते २१ मे २०११ या तारखेच्या प्रकरणात. अमेरिकी रेडिओ प्रवचनकार हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी ही तारीख जाहीर केली होती.

‘धर्मत्याग’ ही कल्पना कुठून आली?

बायबलच्या नव्या करारात, थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, येशूच्या पुनरागमनाआधी ‘धर्मत्याग’ होईल असा उल्लेख आहे. मूळ ग्रीक शब्द ‘अपोस्तासिया’. त्याचा अर्थ बंड करणे, निष्ठा सोडून देणे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातही शेवटच्या काळात काही जण विश्वासापासून ढळतील, असा इशारा आहे. म्हणजे इथे धोका बाहेरच्या शत्रूचा नाही, तो मंडळीच्या आतला आहे.

थेस्सलनीकाकरांच्या पत्राचा संदर्भ इथे महत्त्वाचा आहे. प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे, अशी अफवा त्या मंडळीत पसरली होती आणि लोक घाबरले होते. त्यांना धीर देण्यासाठी पत्रात धर्मत्यागाचा उल्लेख येतो. आधी अमुक गोष्टी घडायच्या आहेत, तेव्हा इतक्यात हवालदिल होऊ नका, असा त्याचा सूर आहे. लोकांना शांत करण्यासाठी लिहिलेला हाच मजकूर पुढच्या काळात अनेकांनी ‘शेवट जवळ आला’ हे पटवण्यासाठी वापरला.

हॅरॉल्ड कॅम्पिंग कोण होते?

कॅम्पिंग यांचा जन्म १९२१ चा. शिक्षणाने ते स्थापत्य अभियंता. १९४२ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी पदवी घेतली आणि पुढे बांधकाम व्यवसाय केला. १९५८ मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसह ‘फॅमिली रेडिओ’ ही ना-नफा संस्था सुरू केली. १९६१ पासून ते ‘ओपन फोरम’ हा कार्यक्रम चालवत. श्रोते फोन करून बायबलविषयी प्रश्न विचारत आणि कॅम्पिंग संथ, जड आवाजात उत्तरे देत. धर्मशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. ते पगारही घेत नसत, त्यामुळे श्रोत्यांचा विश्वास आणखी वाढला.

ते मूळचे ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चचे सदस्य. अलामिडा येथील मंडळीत ते अनेक वर्षे बायबलचा वर्ग घेत. तिथे मतभेद झाले आणि १९८८ मध्ये ते बाहेर पडले. हे वर्ष पुढच्या गणितात पुन्हा येते.

त्यांचे गणित काय होते?

कॅम्पिंग यांच्या मते नोहाच्या काळातील जलप्रलय इसवी सन पूर्व ४९९० मध्ये झाला. उत्पत्तीच्या पुस्तकात प्रलयाआधी सात दिवसांची मुदत दिल्याचा उल्लेख आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा असल्याचे म्हटले आहे. दोन्ही एकत्र केले की सात दिवसांची सात हजार वर्षे होतात. ४९९० आणि २०११ यांची बेरीज ७००१. इसवी सनात शून्य वर्ष नाही, म्हणून एक वजा केला की बरोबर ७०००.

दुसरे गणित आणखी नीटनेटके दिसते. येशूला १ एप्रिल ३३ रोजी क्रुसावर चढवले गेले, असे त्यांनी धरले. तिथपासून २१ मे २०११ पर्यंत, दोन्ही दिवस धरून, ७,२२,५०० दिवस होतात. हा आकडा म्हणजे ५ गुणिले १० गुणिले १७ या गुणाकाराचा वर्ग. पाच म्हणजे प्रायश्चित्त, दहा म्हणजे पूर्णता आणि सतरा म्हणजे स्वर्ग, असे अर्थ त्यांनी लावले होते.

कॅल्क्युलेटरवर ही आकडेमोड बरोबर येते. अडचण गृहीतकांत आहे. प्रलयाचे वर्ष, क्रुसाचा दिवस, आकड्यांचे अर्थ, यांपैकी एकही गोष्ट स्वतंत्रपणे सिद्ध झालेली नव्हती. कोणता आकडा घ्यायचा, कुठे गुणायचे आणि कुठे वर्ग करायचा, हे आधीच हाताशी असलेल्या उत्तराकडे पाहून ठरवता येत होते. १९९२ मध्ये त्यांनी ‘१९९४?’ नावाचे पुस्तक लिहून सप्टेंबर १९९४ ही तारीख सुचवली होती. ती चुकली, तेव्हा त्यांनी गणिताची पद्धत कायम ठेवली आणि तारीख पुढे नेली.

चर्च सोडा, असे सांगण्याची गरज का पडली?

तारीख सांगणाऱ्याच्या वाटेत सर्वांत मोठी अडचण बायबलच उभी करते. मत्तयच्या शुभवर्तमानातील २४ व्या अध्यायात, तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही, असे म्हटले आहे. कोणताही पाळक श्रोत्यांना हे वचन दाखवणार, हे उघड होते.

कॅम्पिंग यांचे त्यावर दोन टप्प्यांचे उत्तर होते. पहिला टप्पा दानीएलाच्या पुस्तकाचा. अंतसमयापर्यंत काही गोष्टी मोहोरबंद राहतील, असे त्यात आहे. तो समय आता आला, म्हणून मोहोर उघडली, असा त्यांचा युक्तिवाद. मग इतर पाळकांना ते का दिसत नाही? इथे दुसरा टप्पा येतो. २००२ च्या सुमारास त्यांनी ‘चर्चयुग संपले’ ही शिकवण पुस्तकरूपाने मांडली. २१ मे १९८८ रोजी देवाने सर्व मंडळ्यांना सोडले, पवित्र आत्मा तिथून निघून गेला, आता तिथे सैतानाची सत्ता आहे, असे ते सांगू लागले. कॅथलिक, प्रॉटेस्टंट असा भेद त्यात नव्हता. श्रद्धावंतांनी चर्च सोडावे, घरी बायबल वाचावे आणि फॅमिली रेडिओ ऐकावा, असा त्यांचा सल्ला होता.

२१ मे १९८८ ते २१ मे २०११ ही २३ वर्षे. त्यांचे दिवस बरोबर ८,४००. हाच त्यांच्या लेखी ‘महासंकटाचा काळ’. म्हणजे ज्या वर्षी ते स्वतः आपल्या मंडळीतून बाहेर पडले, त्याच वर्षी त्यांच्या हिशेबाने देवही जगातल्या सगळ्या मंडळ्यांतून बाहेर पडला होता.

या शिकवणीचा व्यावहारिक परिणाम मोठा होता. एरवी कुणी सदस्य भलताच अर्थ लावू लागला तर पाळक, वडीलमंडळ, शेजारच्या बाकावरचे लोक त्याला प्रश्न विचारतात. आता हे सगळेच अविश्वासू ठरले होते. धर्मशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले, जेम्स व्हाइट यांनी तर २००२ मध्येच कॅम्पिंग यांच्या खंडनाचे पुस्तक लिहिले. पण कॅम्पिंग यांच्या श्रोत्यांसाठी प्रत्येक आक्षेप हा चर्च बिघडल्याचा आणखी एक पुरावा होता.

मे २०११ मध्ये काय घडले?

अमेरिकेत आणि इतर देशांत हजारो होर्डिंग लागली. रंगवलेल्या गाड्यांचे ताफे शहराशहरांतून फिरले. न्यूयॉर्कच्या वाहतूक यंत्रणेतील एका निवृत्त कर्मचाऱ्याने आयुष्यभराच्या बचतीतील सुमारे १,४०,००० डॉलर जाहिरातींवर खर्च केले. काहींनी नोकऱ्या सोडल्या. अनेक घरांत विश्वास ठेवणारे आणि न ठेवणारे अशी फूट पडली. कॅम्पिंग यांच्या सांगण्यानुसार प्रत्येक देशात तिथल्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी सहा वाजता प्रचंड भूकंप होणार होता. सुमारे २० कोटी लोक स्वर्गात जाणार होते. उरलेल्यांना १५३ दिवस यातना भोगून २१ ऑक्टोबरला विश्वाचा शेवट पाहायचा होता.

याचे पडसाद फार दूर, व्हिएतनामच्या डोंगरी भागातही उमटले. दिएन बिएन प्रांतात मे २०११ च्या सुरुवातीला हमोंग या अल्पसंख्याक समाजाचे हजारो लोक एकत्र जमले. कॅम्पिंग यांचे भाकीत हमोंग भाषेतील प्रसारणांतून त्यांच्यापर्यंत पोहोचले होते. जमीन आणि स्वायत्ततेचे जुने प्रश्नही या जमावामागे होते. सरकारने सैन्य पाठवून जमाव पांगवला.

२१ मे टळल्यावर दोन दिवसांनी कॅम्पिंग यांनी न्यायाचा दिवस येऊन गेल्याचे सांगितले. फक्त तो ‘आध्यात्मिक’ पातळीवर घडला, म्हणून डोळ्यांना दिसला नाही, असा त्यांचा खुलासा होता. जगाचा शेवट २१ ऑक्टोबरलाच होईल, यावर ते ठाम राहिले. देणग्या परत करण्यास त्यांनी नकार दिला. जूनमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. २१ ऑक्टोबरही तसाच गेला.

असे आधीही घडले होते का?

हो, आणि आश्चर्य वाटावे इतके सारखे. न्यूयॉर्क राज्यातील शेतकरी आणि बाप्टिस्ट प्रवचनकार विल्यम मिलर यांनी १९ व्या शतकात दानीएलाच्या पुस्तकातील २,३०० या आकड्यावरून येशूच्या पुनरागमनाचा काळ काढला. मिलर यांनी २,३०० दिवस म्हणजे वर्षे धरली आणि इसवी सन पूर्व ४५७ पासून मोजून १८४३ पर्यंत आले. शून्य वर्ष नसल्याचे लक्षात आल्यावर हिशेब १८४४ वर सरकला. गंमत म्हणजे कॅम्पिंग यांनीही हाच २,३०० चा आकडा वापरला, पण दिवस म्हणून. १९८८ च्या मेपासून २,३०० दिवस मोजले की सप्टेंबर १९९४ येतो.

मिलर यांनी सुरुवातीला कुणालाही चर्च सोडायला सांगितले नव्हते. पण मंडळ्या त्यांच्या शिकवणीला विरोध करू लागल्या, तसा अनुयायांचा सूर बदलला. १८४३ मध्ये त्यांचे सहकारी चार्ल्स फिच यांनी एका प्रवचनात कॅथलिकांबरोबर प्रॉटेस्टंट चर्चलाही ‘बाबेल’ ठरवले आणि तिथून बाहेर पडण्याचे आवाहन केले. प्रकटीकरणाच्या पुस्तकात बाबेल हे पतित नगरीचे नाव आहे. पुढे २२ ऑक्टोबर १८४४ ही नेमकी तारीख ठरली. काही शेतकऱ्यांनी उभी पिके काढलीच नाहीत. तो दिवस इतिहासात ‘महानिराशा’ म्हणून नोंदला गेला.

बहुतेकांनी चळवळ सोडली. एका गटाने मात्र घटना खरीच घडली, पण ती स्वर्गात, असा अर्थ लावला. त्यातून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्चची रीतसर स्थापना झाली. पुण्यातील स्पायसर अ‍ॅडव्हेंटिस्ट विद्यापीठ याच पंथाचे. येशूच्या पुनरागमनाची आशा हा पंथ आजही बाळगतो, पण त्याची तारीख सांगत नाही.

मग चर्चवर टीका करणेच चूक का?

तसे म्हणता येणार नाही. मार्टिन ल्यूथर यांनी १६ व्या शतकात पोपच्या सत्तेला ‘ख्रिस्तविरोधी’ म्हटले, पण त्याच वेळी बायबल लोकांच्या भाषेत आणून त्यांच्या हाती दिले. पैशांचे गैरव्यवहार, लैंगिक अत्याचार झाकण्याचे प्रकार, सत्तेशी साटेलोटे यांवर चर्चच्या आतूनच आजही टीका होते. तिला नावे, घटना, कागदपत्रे यांचा आधार असतो आणि उत्तर देण्याची संधीही असते.

कॅम्पिंग यांच्या दाव्यात हे काहीच नव्हते. एका दिवशी जगातल्या सगळ्या मंडळ्या एकदम पतित झाल्या, हे तपासणार कसे? आणि तपासू शकणारा प्रत्येक जण आधीच बाद ठरलेला. आज मोबाइलवर असा व्हिडीओ आला, तर तारखेआधी हे पाहावे : चुकीचे ठरल्यास हा दावा मागे घेण्याची तयारी आहे का, त्याला प्रश्न विचारणाऱ्यांना शत्रू ठरवले जाते का, आणि देणगीचा क्रमांक कुठे आहे? दक्षिण कोरियातील धर्मगुरू ली जांग-रिम यांनी ऑक्टोबर १९९२ मध्ये जग संपेल असे सांगितले होते. त्यांच्याकडे १९९३ मध्ये मुदत संपणारे रोखे सापडले आणि त्यांना फसवणुकीबद्दल शिक्षा झाली.

कॅम्पिंग यांनी चूक मान्य केली का?

केली. मार्च २०१२ मध्ये श्रोत्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी तारीख सांगणे हे पाप होते, असे कबूल केले. तो दिवस कुणालाही ठाऊक नाही, असे बजावणारे टीकाकार बरोबर होते, हेही मान्य केले. त्याआधी २०११ चे गणिताचे इग नोबेल हे उपहासात्मक पारितोषिक त्यांना ली जांग-रिम आणि इतर काही भाकीतकारांबरोबर विभागून मिळाले होते. गृहीतके धरताना जपून राहावे, हे जगाला शिकवल्याबद्दल! डिसेंबर २०१३ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

फॅमिली रेडिओला दरम्यान आपली काही मोठी केंद्रे विकावी लागली. निधनानंतरही कॅम्पिंग यांचे जुने कार्यक्रम लागत राहिले. अखेर २०१८ मध्ये संस्थेने ते बंद केले आणि चर्चमध्ये सेवा करणाऱ्या बाहेरच्या शिक्षकांची प्रवचने प्रसारित करण्यास सुरुवात केली. ज्या मंडळ्या सोडण्यास हीच वाहिनी वर्षानुवर्षे सांगत होती, त्यांचे पाळक आता तिच्यावर ऐकू येतात.