आकड्यांचे खांब, दहा लाख वाटा

बेल्जियमच्या लिम्बर्ग प्रांतात सायकलवाटांच्या प्रत्येक तिठ्यावर, चौफुल्यावर एक खांब असतो. त्यावर एक आकडा आणि पुढच्या खांबांचे आकडे दाखवणारे बाण. घरून निघताना 45, 71, 12, 8 असं चिठ्ठीवर लिहून घ्यायचं आणि एकेक आकडा गाठत जायचं. खाण अभियंता ह्यूगो बोलेन यांची ही कल्पना 1995 मध्ये रस्त्यावर आली. डच भाषेत या जागेला ‘क्नोपपुंट’ म्हणतात, म्हणजे शब्दशः गाठीचा बिंदू.

आकडे मोजकेच. पण वाटा किती?

आल्या वाटेनं परतायचं नाही असं ठरवलं, तर तिठ्यावर पुढे दोन पर्याय उरतात. दहा तिठ्यांनंतर 1,024 वाटा होतात. वीस तिठ्यांनंतर 10,48,576! दोन तिठ्यांत दोन किलोमीटर धरले, तर ही जेमतेम चाळीस किलोमीटरांची, एका सकाळची रपेट. रोज एक वाट धरली तरी सगळ्या संपायला 2,870 वर्षं लागतील. आणि तिठ्यांऐवजी वीस चौफुले असले, तर वाटा 348 कोटींच्या पुढे जातात.

नेदरलँड्सनंही ही पद्धत उचलली. आकारानं महाराष्ट्राच्या जेमतेम एक सप्तमांश असलेल्या या देशात अशा सायकलवाटा 30 हजार किलोमीटरांहून जास्त आहेत. आकडे मात्र बहुधा 1 ते 99 एवढेच. साहजिकच तोच 45 ठिकठिकाणी पुन्हा येतो.

मग नकाशात नेमका कुठला 45? 2004 मध्ये सुरू झालेल्या, स्वयंसेवकांनी भरलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशामध्ये प्रत्येक बिंदूला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो. 2013 मध्ये हे क्रमांक 214,74,83,648 च्या पुढे गेले, तेव्हा चिन्हासह 32 बिटांच्या पूर्णांकात ते मावेनात. आज बिंदू नऊशे कोटींहून अधिक आहेत. खांबावरचा 45 हा त्यातल्या एका बिंदूला लावलेला टॅग: सायकलसाठी ‘आरसीएन_रेफ’, पायवाटेसाठी ‘आरडब्ल्यूएन_रेफ’. 45 ते 71 हा टप्पा ‘45-71’ नावानं वेगळा नोंदवतात, त्यात रस्त्याचा तुकडा न् तुकडा जोडतात.

मला थक्क करते ती ही जोडणी. कुणी नवा रस्ता काढताना वीस मीटरांचा तुकडा चुकून गाळला आणि तो टप्पा पहिल्याच तिठ्यापुढचा असला, तर दहा लाखांपैकी 5,24,288 वाटा नकाशावर तुटतात. तो तुकडा शोधून परत जोडणारा माणूस हे काम बिनमोबदला करतो.

लिम्बर्गला कधी सायकल चालवायला गेलात आणि खांबावरचा आकडा नकाशात चुकलेला दिसला, तर तेवढा दुरुस्त करून या. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडायला पैसे पडत नाहीत.