केशरी ओढणी, निळा अबाया आणि चौथं झेंडावंदन

देशात झेंडावंदनाचे मोठे दिवस दोन. महाराष्ट्र दिन धरला की तीन. आष्टीत मात्र चार! १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो, पुन्हा झेंडा चढतो, पुन्हा शाळेत गर्दी होते. म्हणजे पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींपेक्षा इथल्या पोरींच्या तिरंगी ओढणीला कपाटाबाहेर यायची संधी वर्षातून एकदा जास्त. अंगभर कपडे, डोईवर ओढणी किंवा हिजाब, आणि त्यातच देशाचे रंग. हे जमवायचं तर थोडी अक्कल लागते, थोडा कायदा लागतो आणि थोडा इतिहासही हाताशी असलेला बरा.

आष्टी कुठली?
महाराष्ट्रात आष्ट्या बऱ्याच. १८१८ च्या फेब्रुवारीत जिथे सेनापती बापू गोखले पडले ती सोलापूरकडची. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला निघालेल्यांनी गोळ्या झेलल्या ती वर्ध्याची. आपली आष्टी बीड जिल्ह्यातली, नगरच्या शेजारची. २०२२ च्या सप्टेंबरपासून ६६ किलोमीटरच्या रुळांवरून नगरला रेल्वेनं जाता येतं. ईदची नाहीतर लग्नाची खरेदी म्हटली की इथल्या बायकांचं तोंड जिल्ह्याच्या गावापेक्षा नगरकडेच आधी वळतं.

इथला सरकारी रंग पिवळा होता
१५ ऑगस्ट १९४७. वार शुक्रवार, महिना रमजानचा. देश स्वतंत्र झाला, पण आष्टी नाही! आष्टी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. शेजारच्या नगर जिल्ह्यात तिरंगा डौलात, आणि शिवेच्या अलीकडे तोच फडकवला तर तुरुंग. संस्थानाचा झेंडा पिवळा, मधोमध गोल. हा गोल म्हणजे चंद्र नाही, सूर्य नाही, चक्क कुलचा! पहिल्या निजामानं औरंगाबादच्या एका सूफी संताच्या घरी सात कुलचे खाल्ले आणि संतानं सात पिढ्यांच्या राज्याचा आशीर्वाद दिला, अशी दंतकथा सांगतात. झेंड्यावर रोटी मिरवणारं दुसरं राज्य शोधून दाखवा.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. तो दिवसही शुक्रवारच. देशाचं स्वातंत्र्य आणि मराठवाड्याचं स्वातंत्र्य, दोन्ही जुम्म्याला. मशिदीतून परतणाऱ्यांना त्या दिवशी संध्याकाळी रेडिओवर काय ऐकायला मिळणार होतं, याची दुपारी कल्पनाही नसेल.

रंग घ्या, झेंडा नको
हे मात्र जरा सावकाश वाचा, कारण इथेच हौशी मंडळी फसतात. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा कायदा १९७१ चा. २००५ मध्ये त्यात कपड्यांविषयी दुरुस्ती झाली. राष्ट्रध्वज कमरेखाली कुठल्याही रूपात घालायचा नाही. उशी, रुमाल, नॅपकिन, आतले कपडे आणि ‘कुठलंही ड्रेस मटेरियल’ यांवर तो छापायचा नाही की भरायचाही नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

म्हणजे केशरी हिजाब, पांढरा कुर्ता, हिरवी सलवार हे चालतं. ते रंग आहेत. पण तीन पट्टे आणि मधे चक्र छापलेलं कापड आणून त्याचा अबाया शिवला, की तो झेंडाच झाला आणि तो पायांपर्यंत लोळतोय. शिंप्यानं कितीही छान फिटिंग दिलं तरी नको. अबायाची लांबी घोट्यापर्यंत असल्यामुळे हा नियम पंजाबी ड्रेसवालीपेक्षा अबायावालीला जास्त लागू होतो, हे कुणी फारसं सांगत नाही.

छातीवर छोटा बिल्ला लावायला मात्र हरकत नाही. हिजाब पिनेनं खांद्यापाशी बसवायची सवय असेल तर बिल्ला तिथेच शोभतो. फक्त केशरी वर आहे ना, हे मान खाली घालून नाही, आरशात पाहा किंवा कुणाला तरी पाहायला सांगा. मान खाली घालून घाईत लावलेले बिल्ले उलटे झालेले दरवर्षी दिसतात.

खराखुरा झेंडा मराठवाड्याचाच
नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती ही अस्सल खादीचे राष्ट्रध्वज बनवणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक. ज्या मुलखात तिरंगा लावला म्हणून लोक तुरुंगात गेले, तिथूनच आता तो बाहेरगावी जातो. ध्वजाची ठरलेली मापं नऊ. सगळ्यात मोठा २१ फूट बाय १४ फूट. डिसेंबर २०२१ पासून पॉलिएस्टरचा, यंत्रावर बनलेला झेंडाही चालतो. सोय झाली खरी, पण खादीचा पोत पॉलिएस्टरला येत नाही, हे कुणीही हात लावून सांगेल.

विसरलेला चौथा
तिरंग्यात रंग किती? तीन म्हणालात तर अर्धेच गुण. अशोकचक्राचा निळा राहिला! २४ आऱ्यांचं ते चक्र नेव्ही ब्ल्यू आहे, आणि माझ्या मते नीटनेटक्या पेहरावाची किल्ली याच रंगात आहे. नेव्ही अबाया, पांढरा हिजाब आणि बाहीच्या टोकाला केशरी-हिरवी बारीक पायपिंग. संपलं. तिन्ही रंग सारख्याच मापात अंगावर घेतले की माणूस मिरवणुकीतल्या रथासारखा दिसतो.

आता हिजाबला काळा रंगच हवा असा धर्माचा काही दंडक नाही. झाकणं महत्त्वाचं, रंग ज्या-त्या मुलखाच्या सवयीचा. आणि आखातातला तो उंची, न चुरगळणारा काळा अबाया ज्या कापडाचा असतो, त्यातलं बरंचसं कापड येतं कुठून? जपान आणि कोरियातून.

पुरुषांना मना, बायकांना खुशाल
हदीसच्या आधारानं मुस्लिम पुरुषांना शुद्ध रेशीम वर्ज्य. केशरात रंगवलेले कपडेही पुरुषांना नकोत, असं बऱ्याच विद्वानांचं मत. बायकांना दोन्ही मोकळं! म्हणजे तिरंग्यातली केशरी पट्टी रेशमाची करून मिरवायची असेल तर नवऱ्यापेक्षा बायकोची बाजू भक्कम.

पुरुषांनी यातून पळवाट काढली तीही सुरेख. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. वर चकाकी रेशमाची आणि कातडीला लागतं ते सूत. हेच मशरू. असंच सूत-रेशमाचं नातं जपणारं हिमरू औरंगाबादेत विणलं जाऊ लागलं आणि आजही शहरात थोडे हातमाग उरलेत. पांढऱ्या कुर्त्यावर हिरव्या बुट्ट्यांची हिमरू शाल घ्या, स्वातंत्र्यदिनाला दुसरं काही लागत नाही. महाग आहे, पण आजीच्या पेटीत एखादी असते; विचारून पाहा.

हातावरची जादू
मेंदी लावताना हिरवी, उतरल्यावर केशरी! पानातलं रंगद्रव्य कातडीत मुरतं, आधी नारिंगी दिसतं आणि दिवसा-दोन दिवसांत गडद तपकिरी होतं. १४ ऑगस्टला रात्री लावली तर १५ ला सकाळी झेंडावंदनाच्या वेळी बरोबर केशरी हात. तीन दिवस आधी लावणाऱ्यांचा मुहूर्त चुकतो.

गळ्यातलं काळं
दखनी मुस्लिम घरांत लग्न झालेल्या बाईच्या गळ्यात काळ्या पोतीचा लच्छा असतो. शेजारच्या हिंदू घरातल्या मंगळसूत्राचे मणीही काळेच. तिरंगी पोशाखावर दोन्ही सारखेच खुलतात, म्हणून यावर जास्त बोलायला नको.

नकाब आणि तलवार
पडदा म्हणजे घरात बसणं, असं समजणाऱ्यांना नगरच्या किल्ल्यावर न्यावं. १५९५ च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा मुराद याच्या फौजेनं अहमदनगरला वेढा घातला. सुरुंगानं तट फुटला, सरदार पळायच्या बेतात. फरिश्ता हा इतिहासकार लिहितो त्याप्रमाणे नगरच्या निजामशाहीची कारभारीण चांदबीबी चिलखत घालून, चेहऱ्यावर नकाब घेऊन, हातात तलवार धरून खिंडारात उभी राहिली. रात्रीतून तट पुन्हा उभा केला. आष्टी परिसर तेव्हा याच निजामशाहीच्या मुलखात (ही हैदराबादच्या निजामाची नव्हे). गोळे संपले तेव्हा तिनं तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी तोफांतून उडवली ही दंतकथा. खरी असो नसो, नाण्यांचा इतका रुबाबदार वापर नंतर कुणी केला नाही.

मैदानातले रंग
ऑस्ट्रेलियातल्या अहेदा झनेट्टी यांनी पोहण्याचा अंगभर पोशाख, म्हणजे बुर्किनी, २००४ च्या सुमारास तयार केला. थोड्याच वर्षांत तिथल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या जीवरक्षकांचे ठरलेले लाल-पिवळे रंग त्याच बुर्किनीवर आले आणि मुस्लिम मुलीही त्या गणवेशात बुडणाऱ्यांना वाचवायला उतरल्या. फुटबॉलमधली डोकं झाकण्यावरची बंदी २०१४ मध्ये उठली. पुढे २०२३ च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची नौहैला बेन्झिना हिजाब घालून खेळणारी पहिली ठरली. आपल्याकडे केरळची मजीझिया बानू हिजाब बांधून वजनं उचलते, पॉवरलिफ्टिंगमध्ये.

ऑगस्टचे तीन भाऊ
नारिंगी, पांढरा, हिरवा हे रंग फक्त आपलेच नाहीत. आफ्रिकेतल्या नायजर देशाच्या झेंड्यावर हेच तीन आडवे पट्टे, याच क्रमात, मधे चक्राऐवजी नारिंगी गोळा. आयव्हरी कोस्टचे पट्टे उभे, रंग तेच. आणि गंमत पाहा: नायजर ३ ऑगस्टला स्वतंत्र झाला, आयव्हरी कोस्ट ७ ऑगस्टला (दोन्ही १९६०), आपण १५ ला. नायजर तर मुस्लिमबहुल. तिथल्या बाईचा झेंड्याच्या रंगांतला हिजाब आष्टीत आणला तर तो परदेशी आहे हे कुणाच्या ध्यानातही येणार नाही.

जाता जाता, धुण्याबद्दल
नवी केशरी ओढणी पांढऱ्या कुर्त्यावर घ्यायची तर आधी एकदा वेगळी, मिठाच्या पाण्यात भिजवून धुवा आणि ओल्या पांढऱ्या चिंधीनं घासून पाहा. चिंधी रंगली तर ती ओढणी यंदा हिरव्या कुर्त्यावरच. ऑगस्टची एक सर आली तरी पांढऱ्यावर डाग पडतील ही भीती असतेच. अर्थात आष्टीत ऑगस्टमध्ये सर येईल याची हमी हवामान खातंही देत नाही.