गोळी तीच, कंपनी वेगळी

मेडिकलच्या काउंटरवर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक संवाद हमखास ऐकू येतो. "काका, ही कंपनी संपलीय. दुसऱ्या कंपनीचं देऊ का? औषध तेच आहे, वर पैसेही कमी पडतील." गोळी तापाची किंवा पित्ताची असेल तर काका मान डोलावतात, पाकीट खिशात टाकतात आणि त्यात काही बिघडत नाही. चिठ्ठीवर फिटचे औषध असेल तर मात्र हो किंवा नाही म्हणण्याआधी एक गोष्ट पाहावी लागते. कंपनीच्या ठळक नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचे मूळ नाव छापलेले असते, ते कोणते आहे? काही औषधांत कंपनी बदलली तरी शरीराला पत्ता लागत नाही. काहींत तो चांगलाच लागतो.

अपस्मार, फेफरे, मिरगी, आकडी, नाव काहीही घ्या. जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा आजार आहे आणि त्यांतले 1 कोटीहून अधिक भारतात राहतात. मेंदूतल्या पेशींचा एक समूह अचानक एकाच वेळी विद्युत संदेश सोडू लागला की झटका येतो. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही औषधे पेशींच्या पडद्यावरची सोडियमची दारे आवरून धरतात. फेनोबार्बिटोन आणि क्लोबाझाम मेंदूतल्या शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवतात. लेव्हेटिरासिटाम संदेशवाहक रसायनांच्या पिशव्यांवरच्या एका प्रथिनाला जाऊन चिकटते. वाटा वेगवेगळ्या असल्या तरी मर्यादा सर्वांची एकच. यांपैकी कोणतीही गोळी आजार मुळातून काढत नाही. रक्तात ती पुरेशी असेतोवर झटका थोपवला जातो, पातळी खाली घसरली की आड काही उरत नाही. म्हणून या आजारात औषध कोणते याइतकेच रक्तात ते किती आणि किती सातत्याने आहे, हे महत्त्वाचे ठरते.

याचा धडा ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहराने 1968 च्या सुमारास घेतला. वर्षानुवर्षे फेनिटॉइनवर सुखाने असलेले रुग्ण एकाएकी डॉक्टरांकडे येऊ लागले. कोणाचा तोल जात होता, कोणाचे डोळे भिरभिरत होते, कोणाची जीभ अडखळत होती. ही सगळी औषध जास्त झाल्याची लक्षणे, पण डोस कोणीच वाढवला नव्हता. कॅप्सूलमध्ये पूर्वीइतकेच मिलिग्रॅम फेनिटॉइन होते. बदलले होते ते भरणद्रव्य, म्हणजे कॅप्सूल भरण्यासाठी औषधात मिसळायची निरुपद्रवी भुकटी. आधी ती कॅल्शियम सल्फेटची होती, उत्पादकाने तिच्या जागी लॅक्टोज वापरले. कॅल्शियम सल्फेटमुळे फेनिटॉइनचा बराचसा भाग आतड्यात शोषलाच जात नव्हता. लॅक्टोज आले, अडसर गेला आणि तीच कॅप्सूल रक्तात कितीतरी जास्त औषध पोचवू लागली. 1970 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाली. 'औषध तेच आहे' हे मेडिकलवाल्याचे वाक्य ब्रिस्बेनमध्ये शब्दशः खरे होते, हे ध्यानात घ्यावे.

फेनिटॉइनच्या बाबतीतच एवढा गोंधळ का व्हावा? कारण यकृत ते ठरावीक वेगानेच मोडू शकते. टोल नाक्यावर तासाला शंभर गाड्या सुटत असतील तर नव्वद आल्या तरी रस्ता मोकळा असतो. एकशे दहा आल्या की रांग वाढतच जाते. यकृतातली विकरे अशी क्षमतेला टेकली की डोसमधली छोटी वाढही रक्तात फुगून दिसते. दिवसाला 300 मिलिग्रॅम घेणाऱ्या माणसाला 400 दिले तर पातळी दुप्पट किंवा त्याहून जास्त होऊ शकते. आणि रक्तात हवे तेवढे औषध म्हणजे लिटरमागे साधारण 10 ते 20 मिलिग्रॅम. त्याखाली फिट, त्यावर चक्कर, अशी ही अरुंद पट्टी आहे. म्हणून मेंदूविकारतज्ज्ञ फेनिटॉइनचा डोस 25 किंवा 50 मिलिग्रॅमने, जपून वाढवतात. लेव्हेटिरासिटामचे तसे नाही. ते यकृताच्या फारसे नादी लागत नाही, बहुतांशी मूत्रपिंडावाटे जसेच्या तसे निघून जाते. डोस जितका वाढवावा तितक्याच प्रमाणात पातळी वाढते आणि सुरक्षित पट्टाही रुंद आहे.

हा फरक ओळखून ब्रिटनच्या औषध नियंत्रकाने 2013 मध्ये फिटच्या औषधांचे तीन गट केले. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन आणि प्रिमिडोन यांत रुग्णाला एकाच कंपनीच्या गोळीवर ठेवावे. व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, टोपिरामेट, क्लोबाझाम यांसारख्या औषधांत डॉक्टरांनी रुग्ण पाहून ठरवावे. लेव्हेटिरासिटाम, लॅकोसामाइड, गॅबापेंटिन यांत कंपनी बदलली तरी सहसा चिंता नाही. यांतल्या मधल्या गटातल्या लॅमोट्रिजिनवर अमेरिकेत मुद्दाम चाचण्या झाल्या. एकमेकींपासून गुणधर्मांत जास्तीत जास्त दूर असलेल्या दोन जेनेरिक गोळ्या निवडून रुग्णांना आलटूनपालटून दिल्या, तरी रक्तातल्या पातळीत दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. 'जेनेरिक म्हणजे दुय्यम' हा समज त्यामुळे टिकत नाही. फेनिटॉइनमध्येही अडचण जेनेरिकपणाची नाही, अडचण बदलण्याची आहे. पहिल्या दिवसापासून एकच जेनेरिक घेणारा रुग्ण महागड्या ब्रँडवाल्याइतकाच सुरक्षित असतो.

विज्ञानातल्या या बारकाव्याचा बाजाराने कसा फायदा उठवला, तेही ब्रिटनमध्येच दिसले. फेनिटॉइनच्या कॅप्सूल तिथे फायझर 'एपानुटिन' नावाने विकत असे. 2012 मध्ये फायझरने त्यांचे विक्रीहक्क फ्लिन फार्मा या कंपनीला दिले. ब्रँडचे नाव काढून टाकल्यामुळे औषध किंमत नियंत्रणातून बाहेर पडले आणि 100 मिलिग्रॅमच्या ज्या पाकिटाला सरकारी आरोग्यसेवा 2.83 पाऊंड मोजत होती, ते 67.50 पाऊंडांना मिळू लागले. कॅप्सूल तीच, बनवणाराही तोच! वर्षाचा सरकारी खर्च सुमारे 20 लाख पाऊंडांवरून 5 कोटींच्या घरात गेला. ग्राहक दुसरीकडे जाण्याची भीती नव्हती, कारण या औषधात कंपनी बदलू नये असा डॉक्टरांचाच सल्ला होता. रुग्णांच्या सुरक्षिततेसाठी घातलेले कुंपण कंपन्यांच्या पथ्यावर पडले. स्पर्धा नियामकाने 2016 मध्ये फायझरला 8.42 कोटी पाऊंडांचा दंड केला, न्यायाधिकरणाने 2018 मध्ये तो रद्द ठरवला, 2022 मध्ये नियामकाने पुन्हा 6.3 कोटींचा दंड ठोठावला. प्रकरण दशकभराहून अधिक चालले.

आपल्याकडे असे रातोरात होणे अवघड आहे, आणि याचे श्रेय आपण फारसे देत नाही. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट नाकारले. 2005 मध्ये ते परत आले खरे, पण मधल्या पस्तीस वर्षांत औषधे बनवणारे शेकडो कारखाने उभे राहिले होते. 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार राष्ट्रीय अत्यावश्यक यादीतल्या औषधांना कमाल किंमत ठरवून दिली जाते. बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी काढायची आणि तीवर दुकानदाराचे 16 टक्के धरायचे, असा हा हिशेब. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, फेनोबार्बिटोन ही औषधे या यादीत आहेत. पेटंट संपल्याचा परिणाम काय होतो ते ब्रिव्हारासिटामच्या वेळी दिसले. फेब्रुवारी 2021 मध्ये भारतातले पेटंट संपले आणि लागलीच अनेक भारतीय कंपन्यांनी ते खूप कमी किमतीत बाजारात आणले. जनऔषधी केंद्रांत ब्रँडच्या तुलनेत 50 ते 80 टक्के कमी दराने औषधे मिळतात, असे सरकार सांगते. केंद्रांची संख्याही दहा हजारांच्या पुढे गेली आहे.

मग महागडी नवी गोळी जास्त गुणकारी असते का? ग्लासगोमधले पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे कामी येतो. आधी कोणतेही औषध न घेतलेल्या 470 रुग्णांपैकी 47 टक्क्यांच्या फिट पहिल्याच औषधाने थांबल्या. दुसऱ्या औषधाने आणखी 13 टक्क्यांच्या. तिसऱ्या औषधापासून पुढे हाती लागले ते अगदी थोडे. याच शहरातल्या 1,795 रुग्णांचा तीस वर्षांचा लेखाजोखा 2018 मध्ये आला. मधल्या काळात डझनभर नवी औषधे वापरात आली होती, तरी फिटमुक्त रुग्णांचे प्रमाण 64 टक्क्यांच्या आसपासच राहिले. नव्या औषधांनी उपचार सुसह्य केले, यश फारसे वाढवले नाही, हा माझ्या मते गेल्या काही दशकांतल्या अपस्मार संशोधनाचा सर्वांत कमी सांगितला जाणारा निष्कर्ष आहे.

जुन्यांतले जुने फेनोबार्बिटोन 1912 चे. जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान नावाचा तरुण डॉक्टर रुग्णांच्या वॉर्डाच्या वरच राहत असे आणि रात्री-अपरात्रीच्या त्यांच्या झटक्यांमुळे त्याची झोपमोड होई, असे सांगतात. झोप लागावी म्हणून त्याने त्यांना हे औषध दिले आणि झटकेच कमी झाले. ते शरीरात इतके रेंगाळते की निम्मे व्हायला तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे दिवसाला एकदा घेतले की भागते. कर्नाटकातल्या येळंदूर तालुक्यात डॉ. के. एस. मणी आणि सहकाऱ्यांनी फेनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन या दोनच स्वस्त औषधांवर खेड्यातल्या रुग्णांना कसे सांभाळता येते हे दाखवले. 2001 मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापले. अर्थात स्वस्त औषधालाही दुखणी आहेत. फेनोबार्बिटोनने सुस्ती येते, फेनिटॉइनने हिरड्या सुजतात. व्हॅल्प्रोएट उत्तम औषध, पण गरोदरपणात घेतल्यास दहापैकी सुमारे एका बाळात जन्मजात व्यंग आढळते, आणि दहापैकी तीन-चार मुलांच्या वाढीत व शिकण्यात अडचणी येतात. मूल होण्याच्या वयातल्या मुलीला लेव्हेटिरासिटाम किंवा लॅमोट्रिजिन दिले जाते ते यासाठी. तिथे चार पैसे वाचवायला औषध बदलू नये. मात्र दिवस राहिले म्हणून घाबरून गोळी परस्पर बंद करणे त्याहून घातक.

गोळी स्वस्त असूनही उपचार परवडत नाहीत, याची कारणे गोळीच्या बाहेर आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजना असो वा आयुष्मान भारत, त्यांचा भर रुग्णालयात दाखल झालेल्यांवर आहे. अपस्माराचा रुग्ण बहुधा दाखल होतच नाही. त्याचा खर्च रोजच्या गोळीचा, आणि त्यासाठी विम्याचे कार्ड दाखवायची सोय नाही. ब्रँडेड लेव्हेटिरासिटामची 500 मिलिग्रॅमची गोळी दहा-पंधरा रुपयांना पडते. दिवसाला दोन धरल्या तरी महिन्याला सहाशे ते नऊशे रुपये होतात, आणि हे एकच औषध झाले. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. पण साठा संपला की "बाहेरून आणा" हे दोन शब्द येतात आणि मोफतपणा तिथेच संपतो. तज्ज्ञ शहरात, रुग्ण गावात, म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी आलीच. भगताकडे खर्च झालेला पैसा तर कोणी मोजतही नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची प्रथाही अशीच टिकली आहे. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय चपलेला मिळते.

मग काटकसर सुरू होते. दोन गोळ्यांची एक, रोजच्याऐवजी दिवसाआड, सहा महिने फिट आली नाही म्हणून बंद. यांतले शेवटचे सर्वांत धोक्याचे. फेनोबार्बिटोन किंवा क्लोबाझाम एकदम थांबवले तर एकामागून एक झटके येऊन माणूस अतिदक्षता विभागात पोचू शकतो आणि वर्षभराच्या गोळ्यांचे पैसे एका रात्रीत जातात. औषध कधीच बंद करता येत नाही असे नाही. दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ फिट आली नसेल तर काही रुग्णांत डॉक्टर ते हळूहळू, आठवड्या-महिन्यांच्या बेताने कमी करतात.

तेव्हा काउंटरवरच्या काकांसाठी दोन गोष्टी. आपल्या देशातल्या 1945 च्या औषध नियमांतला 65 वा नियम सांगतो की चिठ्ठीवरच विकायच्या 'एच' अनुसूचीतल्या औषधाच्या जागी विक्रेत्याला परस्पर दुसरी गोळी देता येत नाही, तिच्यात तेच औषध असले तरीही. म्हणजे 'दुसरी कंपनी नको' म्हणण्यात आडमुठेपणा नाही, तो तुमचा हक्क आहे. जुने रिकामे पाकीट सोबत न्या, औषधाचे मूळ नाव आणि कंपनी दोन्ही वहीत लिहून ठेवा, आणि गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच दुकान गाठा. दुसरी गोष्ट डॉक्टरांपुढे बोलायची. खर्च झेपत नसेल तर लाजू नका, तपासणीच्या खोलीतच स्पष्ट सांगा. कोणते औषध जनऔषधीतून घेतले तर चालेल, कशात कंपनी बदलायची नाही, आणि तुमच्या प्रकारच्या फिटला चालणारे जुने स्वस्त औषध कोणते, हे त्यांना विचारा. बहुतेक वेळा असे औषध असते.